राखीव गटाची नवरी

माझं लग्न ठरलं त्या वर्षी मी भडगावच्या एका खासगी शाळेत मराठी शिकवत होते. तिशी जवळ आली होती. घरात माझ्या वयाचा विषय उघड कोणी काढत नसे, पण भाजी निवडताना आईचा सुस्कारा ऐकू आला की मला कळायचं. शाळेचं स्नेहसंमेलन, गावातला गणेशोत्सव, कोणाचा सत्कार, काहीही असलं की निवेदनाला मलाच बोलावत. माइक हातात आला की माझी भीती जायची. एवढी एकच गोष्ट माझ्याकडे आहे, असं तेव्हा मला वाटे.

स्थळ धुळ्याच्या मावशीकडून आलं. खरं म्हणजे ते आधी मावशीच्या मुलीसाठीच आलं होतं. तापीकाठचं गाव, केळीची बागायत, एकुलता मुलगा, वय चाळिशीच्या आसपास, राजकारणात असतो पण व्यसन नाही. मंडळी मावसबहिणीला बघून गेली, पोटभर जेवून गेली आणि दोन दिवसांनी नकार आला. कारण कोणी सांगितलं नाही. मावसबहीण सावळी आहे. तिने आपलं आपणच कारण ठरवून टाकलं आणि उन्हात जाणं बंद केलं. मावशीचं मन मोठं. ती माझ्या आईला फोनवर म्हणाली, "आमच्या पोरीला नाही म्हणाले, पण माणसं वाईट नाहीत. तुझ्या पोरीचं बघ."

बघायला सात-आठ जण आले. नवरा मुलगा, त्याची आई, एक आत्या, आणि बाकी सगळे पांढऱ्या कपड्यांतले पुरुष. त्यांत एक साठीचे गृहस्थ होते, त्यांना सगळे नाना म्हणत होते. ते मुलाचे काका असतील असं मी धरून चालले. पक्षाचे तालुक्याचे प्रमुख आहेत, हे नंतर कळलं. मुलगा खाली मान घालून बसला होता. प्रश्न विचारत होते ते नाना.

"भाषण करता म्हणे?"

"भाषण नाही, निवेदन करते."

"तेच ते." ते मुलाच्या आईकडे वळले आणि अहिराणीत म्हणाले, "पोरगी मस्त बोलस. मी आयकेल शे." मग मला म्हणाले, "तुमच्या शाळेत पाहुणा म्हणून आलो होतो मी मागच्या साली. तुम्ही माझी ओळख करून दिली होती."

मला आठवत नव्हतं. पण बरं वाटलं. स्वयंपाक येतो का, भावंडं किती, हे काही कोणी विचारलं नाही. नानांनी मला उभं राहून गावाविषयी थोडं बोलायला सांगितलं. पाण्याविषयी, रस्त्याविषयी, काहीही. माझ्या वडिलांना ते चमत्कारिक वाटलं असावं, पण मुलीकडचे म्हणून ते गप्प बसले. मी गिरणेच्या आटलेल्या पात्रावर बोलले. दोन पुरुषांनी एकमेकांकडे बघून माना हलवल्या. नानांनी शेवटचा प्रश्न विचारला, "मतदान भडगावलाच करता ना?"

"हो."

"झालं तर मग."

मला वाटलं, शिकलेली माणसं आहेत. मुलीचं बोलणं ऐकतात, रंग बघत नाहीत. त्या संध्याकाळी मी आईला तसं म्हणालेही.

सगळं फार घाईत झालं. साखरपुडा आणि लग्न यांत श्वास घ्यायला जागा नव्हती. मुलाकडच्यांनी मांडव आपल्याच गावात घातला. एवढी माणसं मी कुठल्याच लग्नात पाहिली नव्हती. पंगतीमागून पंगत उठत होती, बट्टी, वरण, घोटलेल्या वांग्यांची भाजी. मंगलाष्टकांच्या आधी जिल्ह्याचे एक मोठे पुढारी व्यासपीठावर आले आणि त्यांनी माइकवरून आशीर्वाद दिला. म्हणाले, "आज या घरात नुसती सून आलेली नाही." मांडवात टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या. मुंडावळ्यांच्या आडून मी लाजले. पुढाऱ्यांनी बोलायची रीतच असते ती, असं समजले.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. माझ्या हातांवरची मेंदी अजून गडद होती. सकाळी सासूबाई म्हणाल्या, चांगलं लुगडं नेस, हिरवं नको, फिक्या रंगाचं, जळगावला जायचं आहे. नवी जोडपी देवदर्शनाला जातात तसं काहीतरी असेल म्हणून मी तयार झाले. गाडीत नाना पुढे बसले होते. मागे मी, नवरा आणि पक्षाचा आणखी एक माणूस. देवाला जाताना हा माणूस कशाला, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

पाळधी मागे पडल्यावर नाना मान वळवून म्हणाले, "वहिनी, घाबरायचं नाही. काही विचारलं तर सांगायचं, पाच वर्षांपासून महिलांचं संघटन करते. बचत गट, हळदीकुंकू, आरोग्य शिबिर. तुम्हाला बोलायला काय सांगायचं!"

"कोणाला सांगायचं?"

नाना माझ्या नवऱ्याकडे बघायला लागले. "अरे, सांगितलं नाही का तू?"

नवऱ्याने खिडकीबाहेर बघत सांगितलं, "जिल्हा परिषदेच्या मुलाखती आहेत. आपला गट महिला राखीव झाला. तुझं नाव दिलं आहे."

मला एकदम काही कळलंच नाही. शब्द कळले, पण ते माझ्याविषयी आहेत हे कळलं नाही. मी विचारलं, "माझं नाव कधी दिलं?"

उत्तर नानांनीच दिलं, अगदी मोकळेपणाने, घरच्या माणसाला सांगावं तसं. म्हणाले, "सोडतीत चिठ्ठी महिलेची निघाली आणि याचं तोंड पडलं. अठरा वर्षं पक्षाचं काम करतोय बिचारा, आणि घरात बाई कोण? आई. तिला सही येत नाही. मी म्हटलं, रडतोस काय, लग्न कर. धुळ्याची पोरगी पाहिली आम्ही आधी. चांगली होती ती पण. पण तिचं नाव धुळे जिल्ह्याच्या यादीत. दुसऱ्या जिल्ह्यातला मतदार आपल्याकडे उभा राहू शकत नाही. नाव इकडे आणायला वेळ नव्हता. मग तुम्ही आठवलात. जिल्हा आपलाच, बोलणं फर्डं. जमून आलं सगळं."

गाडीतला तो दुसरा माणूस हसला. नाना हसले. नवरा हसला नाही, खिडकीबाहेरच बघत राहिला. मी मांडीवरच्या हातांकडे बघत राहिले. मेंदीत नवऱ्याचं नाव काढलं होतं, ते शोधायला लावायचा खेळ झाला होता. या माणसांनी मला बघायला येणं म्हणजे बघायला येणं नव्हतंच. ती उमेदवाराची निवड होती. मी पहिल्या फेरीत पास झाले होते, आणि माझी मावसबहीण मतदार यादीमुळे नापास झाली होती.

मुलाखती एका मंगल कार्यालयात होत्या. पक्षाचे झेंडे दारातच लावले होते. आत गर्दी म्हणजे जत्राच. गटागटाचे इच्छुक आपापली माणसं घेऊन आलेले. राखीव गटांतल्या बायका एका बाजूला खुर्च्यांवर बसल्या होत्या आणि त्यांचे नवरे, दीर, सासरे दुसऱ्या बाजूला घोळक्याने उभे राहून बोलत होते. खुर्च्यांवर बसलेल्या बायकांपैकी फार थोड्या बोलत होत्या. मला तिथे बसवून माझा नवरा आणि नाना आत कोणाला तरी भेटायला गेले.

शेजारच्या खुर्चीवर पन्नाशीच्या एक बाई होत्या. सुती साडी, पायांत रबरी तळव्याच्या चपला, मांडीवर कापडी पिशवी. त्या एकट्याच आल्या होत्या. माझा खांद्यावरून घसरणारा पदर त्यांनी न विचारता नीट केला, पिन लावली आणि बाटलीतलं पाणी पुढे केलं.

"नवं लग्न दिसतं."

"हो."

"घाबरू नको. पहिल्यांदा मी पण घाबरले होते. आता चौथी वेळ आहे." त्यांना सगळे अक्का म्हणत, म्हणून मीही अक्का म्हटलं. अक्का सांगत होत्या आणि मी ऐकत होते. वीस वर्षांपूर्वी त्या बचत गटाच्या निमित्ताने पक्षात आल्या. सभा असली की गावागावांतून बाया भरून आणायचं काम त्यांचं. कोणाच्या घरी बाळंतपण अडलं, कोणाचं रेशन बंद झालं, की लोक अक्कांकडे येतात. पहिल्या वेळी तिकीट मागितलं तर म्हणाले, जागा खुली आहे, पुरुषच हवा. दुसऱ्या वेळी म्हणाले, तुमचा समाज गटात थोडा, मतं विखुरलेली. तिसऱ्या वेळी म्हणाले, थांबा, महिला राखीव झालं की तुमचंच.

"आणि या वेळी झालं राखीव," अक्का म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचा आनंद होता. "आता तरी कारण सापडणार नाही त्यांना. तुझा गट कोणता?"

मी सांगितला.

अक्कांचा हात माझ्या खांद्यावर होता तो तिथेच राहिला. समोर कोणीतरी खुर्च्या ओढत होतं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "म्हणजे मागच्या आठवड्यात त्या केळीवाल्यांकडे लग्न झालं, ती तू?"

"हो."

"मी आले होते लग्नाला. मीच बाया घेऊन आले होते. पंगतीत वाढलं मी." त्यांनी हात काढून घेतला, रागाने नाही, आपला हात तिथे का आहे हे विसरल्यासारखा. "मला वाटलं, बिचाऱ्याचं लग्न झालं एकदाचं."

माझी चूक नाही, मला सकाळी गाडीत कळलं, असं मी काहीतरी पुटपुटले. अक्का म्हणाल्या, "तुझी कशी चूक असेल माय?" आणि पिशवीची दोरी बोटाला गुंडाळत राहिल्या.

आधी त्यांना बोलावलं. दार अर्धवट उघडंच होतं. आतलं ऐकू येत होतं. एक पुरुषी आवाज विचारत होता, "अक्का, तुमच्या समाजाची मतं किती धरायची?" अक्का म्हणाल्या, "समाजाची सोडा साहेब, मी गावांची सांगते." मग तोच आवाज म्हणाला, "ताकद किती लावाल?" ताकद म्हणजे पैसा, हे त्या खोलीतल्या आणि बाहेरच्या सगळ्यांना माहीत होतं. अक्का म्हणाल्या, "पायी फिरेन." फार वेळ न लागता त्या बाहेर आल्या.

मग मी. माझ्याबरोबर माझा नवराही आत आला. त्याला कोणी अडवलं नाही. उलट त्याच्यासाठी खुर्ची ठेवलेलीच होती, माझ्या खुर्चीपेक्षा थोडी पुढे. टेबलामागे तीन पुरुष आणि पक्षाच्या महिला शाखेच्या एक पदाधिकारी बसल्या होत्या. मधल्या पुरुषाला मी ओळखलं. माझ्या लग्नात माइकवरून आशीर्वाद देणारे ते हेच.

"पक्षाचं काम किती वर्षांपासून करता?" हा प्रश्न एका निरीक्षकाने विचारला. ते बाहेरच्या जिल्ह्यातून आलेले असावेत.

नानांनी पढवलेलं उत्तर ओठांवर होतं. ते मी का म्हटलं नाही, हे मला आजही नीट सांगता येत नाही. धाडस वगैरे काही नव्हतं. मला सकाळपासून धक्क्यावर धक्के बसत होते आणि खोटं जुळवायला लागणारं डोकं शिल्लक नव्हतं, एवढंच. मी म्हणाले, "मागच्या आठवड्यात माझं लग्न झालं. मी पक्षाचं कामच केलेलं नाही."

मला वाटलं, आता हे चमकतील. नानांना आत बोलावून जाब विचारतील. मधले पुढारी खुर्चीत रेलले आणि हसत म्हणाले, "माहीत आहे हो वहिनी. मी होतो ना लग्नाला. बट्टी काय झकास होती!"

महिला पदाधिकारी समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "तुम्ही तालुक्याच्या महिला उपाध्यक्ष आहात. लग्नाच्या आदल्या दिवशीच तुमची नेमणूक झाली. तुमच्या साखरपुड्यातला फोटो टाकला होता आपल्या ग्रुपवर. पाहिला नाहीत का?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. नंतरचे सगळे प्रश्न त्याला विचारले गेले. गावं किती, कोण बरोबर, कोण फुटेल, गाड्या किती. मी टेबलावरच्या फुलदाणीसारखी बसून होते. उठायच्या वेळी निरीक्षक म्हणाले, "नव्या, सुशिक्षित महिलांना आपला पक्ष संधी देतो, हे चांगलं चित्र जाईल." तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "बाहेर अक्का बसल्या आहेत. वीस वर्षं काम करताहेत. त्यांना द्या."

मधले पुढारी माझ्याशी नाही, माझ्या नवऱ्याशी बोलले. "वहिनींना विश्रांतीची गरज दिसते."

घरी आल्यावर मी धुळ्याला मावसबहिणीला फोन लावला. नकाराचं खरं कारण सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे माझा रंग नव्हता?"

"नाही गं. तुझं नाव धुळ्याच्या यादीत होतं."

"आणि मी महिनाभर उन्हात गेले नाही," ती म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता तिचा आवाज बदलला. तिने फोन ठेवून दिला.

घरात सगळे माझ्यावर रुसले होते, पण तिकीट आपल्यालाच येणार यात कोणाला शंका नव्हती. नाना फोनवरून सांगत होते, बायकांच्या बोलण्याला कोण विचारतो, मी सांभाळतो. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी अंगणात माणसं जमली. गाड्यांना झेंडे बांधून झाले. सासूबाईंनी औक्षणाचं ताट तयार ठेवलं. मी फिक्या रंगाची साडी नेसून तयार बसले होते. मला नको होतं आणि तरीही मी तयार बसले होते. इतकी माणसं एकाच दिशेला निघाली की आपले पायही निघतात.

दुपार व्हायला आली तेव्हा एका कार्यकर्त्याच्या मोबाइलवर व्हिडिओ आला. तो बघून त्याने मोबाइल माझ्या नवऱ्याच्या हातात दिला. विरोधी पक्षातल्या एका बड्या ठेकेदाराची बायको सकाळीच आपल्या पक्षात आली होती. नाना तिच्या गळ्यात पक्षाचं उपरणं घालत होते. मागे घोषणा चालू होत्या. आपल्या गटाची उमेदवारी तिला जाहीर झाली होती. नवऱ्याने तो व्हिडिओ पुन्हा लावला. पुन्हा लावला. जणू तिसऱ्यांदा बघितल्यावर उपरणं दुसऱ्याच्या गळ्यात पडलेलं दिसेल.

माणसं बोलत बोलत पांगली. झेंडे सोडायलाही कोणी थांबलं नाही. सासूबाई ताट उचलून आत गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "नवरीना पायच बरा नही."

नवरीचा पायगुण. मला इतका वेळ रडू आलं नव्हतं, ते त्या शब्दांनी आलं. मला आणलं तिकिटासाठी, तिकीट गेलं ठेकेदाराकडे आणि पाय वाईट माझा. मी आईला फोन केला. आई म्हणाली, थोडे दिवस काढ, लोक काय म्हणतील. मी बॅग काढून पलंगावर ठेवली. साड्या घड्या करत होते तेव्हा नवरा दारात आला. लग्नानंतर तो पहिल्यांदाच माझ्याशी एकटा, आपणहून बोलायला आला होता.

"मुलाखतीत तू बोललीस म्हणून तिकीट गेलं नाही," तो म्हणाला. "त्यांचं आधीच ठरलं होतं. मला आत्ता एकाने सांगितलं. मुलाखती घेतल्या तेव्हाच ठरलं होतं."

"मग मुलाखती कशाला घेतल्या?"

"घ्याव्या लागतात."

तो पलंगाच्या कडेला बसला. बाविसाव्या वर्षापासून सतरंज्या अंथरल्या, म्हणाला. दोनदा पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या. केळी काढायची सोडून प्रचाराला गेलो. पक्षासाठी वडिलांच्या शेवटच्या आजारपणातही बाहेर होतो. "नाना म्हणाले, लग्न कर, तिकीट तुझ्या घरात आणतो. मला वाटलं, दोन्ही होईल. बायको येईल आणि तिकीटही येईल."

"आता तिकीट नाही आलं."

"हो."

"मग माझं काय करायचं ठरवलं आहे?"

त्याने दचकून माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्याने त्या दिवशीच मला पहिल्यांदा नीट पाहिलं. "तुझं काय करायचं म्हणजे? तू आहेस ना," तो म्हणाला.

तेवढ्यावर मी बॅग खाली ठेवली, असं नाही. पण त्या संध्याकाळी गेले नाही. आणि सकाळी उठले तर हा अंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निघाला होता. मी विचारलं, कुठे? म्हणाला, प्रचाराला. कोणाच्या? पक्षाच्या उमेदवाराच्या. त्या ठेकेदाराच्या बायकोच्या.

मी म्हणाले, "तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना. पण जावं लागतं."

सगळ्या प्रकारात मला सर्वांत मोठा धक्का बसला तो या वाक्याने. गाडीतल्या हसण्याने, मुलाखतीतल्या बट्टीच्या कौतुकाने जो राग आला होता, तो मला समजत होता. हे मला समजतच नव्हतं. तो गेला. मी तोंड धुतलं, पायांत चपला सरकवल्या आणि सासूबाईंना सांगितलं, "मी अक्कांकडे जाते आहे."

अक्कांनी अपक्ष अर्ज भरला होता. त्यांचं घर शेजारच्या गावात, दोन खोल्यांचं. ओट्यावर बचत गटाच्या बायका बसल्या होत्या. मला बघून बोलणं थांबलं. अक्का पुढे आल्या, म्हणाल्या, "घरी सांगून आलीस?" मी हो म्हटलं. "मग ये."

पुढे अर्ज मागे घ्यायची मुदत संपली आणि त्यांना निवडणुकीचं चिन्ह मिळालं, शिलाई मशीन. एका रिक्षावर भोंगा बांधला होता, पण बोलायला कोणी नव्हतं. बायका माइकला लाजत होत्या. माइक माझ्या हातात दिला. मी काय बोलले ते फारसं आठवत नाही. अक्कांनी कोणाकोणासाठी काय केलं, हेच सांगत गेले, आणि गल्लीत ज्यांच्यासाठी केलं होतं ती माणसं दारात येऊन उभी राहायची. एक म्हातारी ओरडून म्हणाली, माझ्या नातवाचं पण सांग. मी सांगितलं.

मग आमच्या गावात रिक्षा शिरली. घराच्या कोपऱ्यावर समोरून पक्षाची गाडी आली, ढोल-ताशांसह. पुढे माझा नवरा, गळ्यात उपरणं. गल्ली अरुंद. दोन्ही गाड्या समोरासमोर थांबल्या. लोक गच्चीवरून, ओट्यांवरून बघू लागले. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या ड्रायव्हरला हात केला. "मागे घे. बायांची रिक्षा जाऊ दे."

गाडी मागे गेली. आमच्या दारापाशी सासूबाई उभ्या होत्या. मला वाटलं, आता सगळ्या गावासमोर बोलतील. त्यांनी आतून पाण्याची कळशी आणि पेला आणला. आधी अक्कांना दिला, मग मला. "आवाज बसी जाई," त्या म्हणाल्या. "इतला जोरमा बोलू नको."

अक्का निवडून आल्या नाहीत. तिसऱ्या आल्या. ठेकेदाराची बायको आली. नवरा गुलालात माखून घरी आला, अंगणात उभा राहिला, आत यायला कचरला. मी अंघोळीचं पाणी काढून दिलं. त्या रात्री आम्ही दोघं एका ताटात जेवलो नाही, पण एका पंगतीला बसून जेवलो. सासूबाई वाढत होत्या.

काही दिवसांनी नाना घरी आले. मी तयारीतच होते. भांडायचं, ऐकवायचं, सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. नाना खुर्चीत बसले आणि प्रसन्नपणे म्हणाले, "वहिनी, तुमचा प्रचार ऐकला. काय बोललात हो! आमच्या उमेदवाराला असं बोलता येत नाही. पुढच्या खेपेला आपल्याकडून बोलायचं बरं का. पंचायत समितीचं बघू काहीतरी."

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाज नव्हती, काहीच नव्हतं. त्यांच्या लेखी काही घडलंच नव्हतं. माझ्या मनात जुळवलेलं एकही वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलं नसतं, हे मला तेव्हा कळलं. मी एवढंच विचारलं, "आणि अक्का?"

"त्यांनी बंडखोरी केली. सहा वर्षांसाठी काढलं त्यांना," नाना म्हणाले. "आणि तसंही त्यांचा समाज थोडा."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. गॅसवर भांडं नव्हतं. नानांनी एकदोनदा आत बघितलं. आमच्याकडे आलेला माणूस चहा घेतल्याशिवाय जात नाही. नाना त्या दिवशी गेले.

याला आता काही वर्षं झाली. नवरा अजून त्याच पक्षात आहे. सभेला जातो, पण सतरंज्या उचलत नाही, असं म्हणतो. मी बघायला गेलेले नाही. मी गावातल्या शाळेत शिकवते. मावसबहीण धुळ्यात बँकेत लागली आणि तिने अजून लग्न केलेलं नाही. अक्कांचे गुडघे दुखतात, पण लोक अजून त्यांच्याकडेच जातात, आणि कागदाचं काम असलं की अक्का त्यांना माझ्याकडे पाठवतात. परवा एक बाई आली. तिच्या गावची जागा राखीव झाली होती आणि दिराने तिचं नाव पक्षाला परस्पर दिलं होतं. ती विचारत होती, मुलाखतीत काय सांगू? मी तिला बसवलं आणि आधी विचारलं, तुला उभं राहायचं आहे का? ती गोंधळली. मग म्हणाली, हे मला कोणी विचारलंच नाही. आम्ही दोघी तिथून बोलायला लागलो.